प्लेटच्या सपाट मिलिंगसाठी कटर कोणता घ्यावा : १२५ मिमी की ८० मिमी?

प्लेटकाम

नमस्कार. आमच्या छोट्या कार्यशाळेत बीटी ४० टेपरचा (टूल धरणाऱ्या शंकूच्या मापाचा) स्पिंडल असलेले एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे संगणकीय मिलिंग मशीन) आहे. मोटर ७.५ किलोवॅटची आहे आणि पुस्तिकेतील आलेखानुसार ही पूर्ण शक्ती १५०० आरपीएमपासून पुढे मिळते. वाय अक्षाची (समोर-मागे सरकण्याची) धाव ४५० मिमी आहे. आमच्याकडे बहुतेक काम माइल्ड स्टीलच्या प्लेटचे येते. प्लेट ३०० मिमी लांब, १२० मिमी रुंद आणि साधारण २० मिमी जाड असते. तिच्या दोन्ही बाजू मिलिंग करून सपाटी आणि समांतरता ०.०३ मिमीच्या आत, तर फिनिश आरए (सरासरी खडबडीतपणा) १.६ मायक्रॉन द्यावा लागतो. अधूनमधून ॲल्युमिनियमचे आणि बिडाचे जॉबही असतात.

सध्या ६३ मिमी व्यासाचा, ९० अंशांचा (धार आणि कापला जाणारा पृष्ठभाग यांतला कोन), चार इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यांचा) कटर वापरतो. त्यात एपीकेटी १६०४ इन्सर्ट बसतात. १००० आरपीएम, मिनिटाला ४०० मिमी फीड (पुढे सरकण्याचा वेग) आणि २ मिमी खोली ठेवून ४० मिमी रुंदीच्या तीन पासमध्ये एक बाजू पूर्ण होते. कूलंट पूर्ण धारेने सोडतो. अडचणी तीन आहेत. दोन पासच्या मध्ये रेघ उमटते, ती नखाला लागते आणि डायल (उंचीतला फरक दाखवणारा मापक) फिरवला तर सुमारे ०.०१ मिमीची पायरी दिसते. कटर प्लेटमध्ये शिरताना मोठा आवाज होतो आणि इन्सर्टचे कोपरे लवकर उडतात. शिवाय एकूण वेळही जास्त लागतो.

१२५ मिमीचा कटर घेतला तर पूर्ण रुंदी एकाच पासमध्ये निघेल, पायरीचा प्रश्नच उरणार नाही आणि वेळही वाचेल, असा माझा विचार आहे. परंतु एका अनुभवी सहकाऱ्याने ८० मिमीचाच घ्या असे सांगितले. कॅटलॉग उघडला की ४५ अंश, ९० अंश, गोल इन्सर्ट, अष्टकोनी इन्सर्ट असे इतके प्रकार दिसतात की निवड कोणत्या टोकापासून सुरू करावी हेच कळत नाही. जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टूलरूम

नमस्कार. आपण मशीनची माहिती आधीच दिल्यामुळे नेमके उत्तर देता येईल. फेस मिल, म्हणजे सपाट मिलिंगचा कटर, निवडताना जॉबची रुंदी सर्वांत शेवटी पाहावी आणि सुरुवात स्पिंडलच्या टॉर्कपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या स्पिंडलला १५०० आरपीएमवर ७.५ किलोवॅट मिळतात, म्हणजे टॉर्क सुमारे ४८ न्यूटन-मीटर झाला. १५०० च्या खाली हा टॉर्क तेवढाच राहतो, त्यामुळे आरपीएम जितके उतरतील तितकी शक्तीही उतरते. आता माइल्ड स्टीलसाठी कार्बाइडच्या इन्सर्टला मिनिटाला २०० मीटर कटिंग स्पीड धरू. आरपीएम काढण्यासाठी कटिंग स्पीडला १००० ने गुणून पाय (३.१४) गुणिले व्यास याने भागायचे. १२५ मिमीच्या कटरला ५०९ आरपीएम येतात आणि तिथे आपल्या मोटरकडून फक्त २.५ किलोवॅट मिळतात. ८० मिमीच्या कटरला ७९६ आरपीएम येतात आणि तिथे जवळजवळ ४ किलोवॅट मिळतात. मोटरच्या पाटीवर ७.५ लिहिलेले असले, तरी मोठा कटर लावताच आपण स्वतःच तिची ताकद कमी करून घेतो. मोठ्या व्यासाचा मोह धरणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

लागणारी शक्ती काढण्यासाठी कापाची रुंदी, खोली आणि मिनिटाचा फीड यांच्या गुणाकाराला त्या धातूच्या विशिष्ट कर्तन बलाने गुणून सहा कोटींनी भागावे, म्हणजे उत्तर किलोवॅटमध्ये येते. माइल्ड स्टीलला हे बल दर चौरस मिलिमीटरला सुमारे २००० न्यूटन धरता येते. सात इन्सर्टचा १२५ मिमीचा कटर, प्रत्येक दाताला ०.१५ मिमी फीड आणि १२० मिमी रुंदी असेल, तर फीड मिनिटाला ५३५ मिमी येतो. २ मिमी खोलीला ४.३ किलोवॅट लागतात, जे आपल्याकडे नाहीत. खोली १ मिमीवर आणली तर २.१ किलोवॅट लागतात, पण बेअरिंग आणि ड्राइव्हमधील तोटा धरला की मशीन अगदी काठावर चालेल. पाच इन्सर्टचा ८० मिमीचा कटर त्याच फीडने ६० मिमी रुंदी आणि २ मिमी खोली घेत असेल, तर मिनिटाला ५९७ मिमी फीडने २.४ किलोवॅट लागतात. उपलब्ध ४ मध्ये ते आरामात बसतात.

वेळेचा हिशेबही करून पाहा. कटर पूर्ण बाहेर पडेपर्यंतचे अंतर धरले तर ८० मिमीच्या कटरने दोन पासमध्ये २ मिमी काढायला सुमारे १.३ मिनिटे लागतात. १२५ मिमीच्या कटरला तेच २ मिमी एकेक मिलिमीटर करून दोनदा काढावे लागतील आणि त्याला सुमारे १.६ मिनिटे लागतील. म्हणजे ज्या वेळेसाठी आपण मोठा कटर घेणार, तो वेळ वाचणारच नाही.

आणखी दोन बाबी. व्यास कापाच्या रुंदीच्या साधारण सव्वा ते दीड पट असावा, कारण तेव्हा दात धातूत चांगल्या कोनात शिरतो. १२५ च्या कटरने १२० मिमी कापताना दात दोन्ही काठांवर फार पातळ चिपवर (कापून निघणाऱ्या धातूच्या कपच्यावर) घासत राहतो, आणि जो दात कापण्याऐवजी घासतो त्याची धार लवकर जाते. दुसरे असे की टूल चेंजरमध्ये शेजारचे कप्पे भरलेले असताना किती व्यासाचे टूल चालते ते पुस्तिकेत तपासा. बीटी ४० च्या अनेक मशीनवर ही मर्यादा ८० मिमीच्या आसपास असते. १२५ मिमीच्या कटरसाठी शेजारचे कप्पे रिकामे ठेवावे लागतील आणि आर्बरसह (कटर धरणाऱ्या दांड्यासह) त्याचे वजनही चेंजरच्या मर्यादेशी ताडून पाहावे लागेल.

कार्बाइड

टूलरूम यांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. कोन आणि इन्सर्ट यांबद्दल लिहितो, कारण आपले कोपरे का उडतात याचे निम्मे उत्तर तिथे आहे.

९० अंशांचा कटर हा मुळात खांदा काढण्यासाठी, म्हणजे भिंतीला लागून काटकोन हवा असेल त्यासाठी असतो. मोकळ्या, नीट आधार असलेल्या सपाट पृष्ठभागावर त्याचा कोणताही फायदा नाही. त्याचा दात पूर्ण खोलीने एकाच क्षणी धातूवर आदळतो आणि मार खाणारा भाग म्हणजे नेमका तो अरुंद कोपरा. ४५ अंशांच्या कटरमध्ये धार तिरकी असल्यामुळे तोच काप जास्त लांबीच्या धारेवर पसरतो, चिप पातळ होते आणि दात हळूहळू आत शिरतो. चिपची जाडी म्हणजे दाताचा फीड गुणिले त्या कोनाचा साइन. ४५ अंशांना हा गुणक ०.७ च्या आसपास येतो. त्यामुळे ०.२ मिमी फीड दिला तरी चिपची जाडी ०.१४ मिमीच राहते. हा फायदा घ्यायलाच हवा, कारण ४५ च्या कटरला ९० च्या कटरचाच फीड देऊन चालवले तर चिप फार पातळ होते आणि धार घासू लागते. मात्र फीड वाढवला की शक्तीही वाढते. ०.२ च्या फीडने, ६० मिमी रुंदीत आणि २ मिमी खोलीत सुमारे ३.२ किलोवॅट लागतील. तोटा धरला तर आपल्या मशीनला ते जड जाईल, म्हणून खोली १.५ मिमी ठेवावी.

बिडाच्या जॉबसाठीही ४५ अंशच योग्य. बीड ठिसूळ असल्यामुळे दात बाहेर पडताना काठाचे कण तुटून पडतात आणि ९० अंशांच्या कटरने हे अधिक होते. ९० अंशांचा कटर पातळ, दाबाने वाकणाऱ्या जॉबसाठी राखून ठेवा, कारण ४५ अंशांत उभा दाब बराच वाढतो आणि आधार नसलेली पातळ पट्टी खाली दबून पास झाल्यावर पुन्हा वर येते. आपली २० मिमीची प्लेट खालून नीट टेकलेली असेल तर तिला ही भीती नाही.

इन्सर्टविषयी. कॅटलॉगमध्ये एकेका इन्सर्टला आठ किंवा सोळा धारा दिसतात आणि हिशेबाला ते आकर्षक वाटते. परंतु दोन्ही तोंडांनी वापरता येणाऱ्या इन्सर्टला स्वतःचा क्लिअरन्स (धारेमागचा मोकळा उतार) नसतो. तो कटरमध्ये तिरका बसवून क्लिअरन्स मिळवावा लागतो, त्यामुळे त्याची कापण्याची वृत्ती बोथट राहते आणि त्याला जास्त शक्ती व जास्त मजबूत मशीन लागते. ४० च्या टेपरवर मी चार धारांचा एसईकेटी १२०४ निवडेन. नावातील एस म्हणजे चौकोनी आकार, ई म्हणजे २० अंशांचा क्लिअरन्स, १२ हा आकडा १२.७ मिमी धारेचा आणि ०४ हा ४.७६ मिमी जाडीचा. २० अंशांचा क्लिअरन्स असल्यामुळे तो मोकळेपणाने कापतो. गोल इन्सर्टची धार सर्वांत मजबूत असते, पण आपल्या कामाला त्याची गरज नाही.

खोक्यावरील रंग पाहायची सवय लावा. निळा म्हणजे स्टीलचा पी गट, पिवळा स्टेनलेसचा एम, लाल बिडाचा के आणि हिरवा ॲल्युमिनियमसारख्या अलोह धातूंचा एन. आपल्या स्टीलच्या कामाला पी २५ ते पी ४० मधील चिवट, पीव्हीडी (बाष्पातून चढवलेल्या पातळ थराच्या) कोटिंगची ग्रेड ठीक राहील. ॲल्युमिनियमसाठी त्याच ४५ अंशांच्या कटरमध्ये घासून तीक्ष्ण केलेले, वरचे तोंड चकचकीत पॉलिश केलेले आणि कोटिंग नसलेले एसईएचटी इन्सर्ट बसवता येतात. स्टीलचा इन्सर्ट तिथे वापरू नये, कारण त्याची धार किंचित गोल केलेली असते आणि ॲल्युमिनियम तिच्यावर चिकटून बसते. मिनिटाला ६०० मीटरने ८० च्या कटरला सुमारे २४०० आरपीएम लागतात, आणि तिथे आपल्या मोटरची पूर्ण शक्ती हाताशी असते.

शेवटी कूलंट. माइल्ड स्टीलचे मिलिंग कार्बाइडने करताना कूलंट बंद करून फक्त हवेचा झोत लावा. दात धातूत असताना धार प्रचंड तापते आणि बाहेर येताच कूलंट तिला एकदम थंड करतो. प्रत्येक फेऱ्यात हे घडत राहिल्याने धारेला काटकोनात बारीक भेगा पडतात. आपला एखादा वापरलेला इन्सर्ट भिंगाखाली धरून पाहा. कंगव्याच्या दातांसारख्या समांतर भेगा दिसल्या तर कोपरे उडण्याचे दुसरे कारण सापडले असे समजा. ॲल्युमिनियमला मात्र कूलंट हवाच. बीड कोरडेच कापा आणि त्याची भुकटी ओढून घेण्याची सोय करा, कारण ती स्लाइडमध्ये गेली तर झिजवते.

समतल

वरील दोघांनी कटरचे सांगितले. मला पायरीबद्दल लिहायचे आहे, कारण ती पायरी कटर बदलून जाईल असे मला वाटत नाही.

स्पिंडल टेबलाला तंतोतंत काटकोनात नसेल तर कटरचे तोंड किंचित कललेले असते. हा कल पास सरकवण्याच्या दिशेत असेल, तर प्रत्येक पास म्हणजे एक उतार होतो आणि एका पासचा खालचा काठ दुसऱ्याच्या वरच्या काठाशेजारी येऊन पायरी दिसते. कल फीडच्या दिशेत असेल तर पायरी येत नाही, फक्त पासच्या मध्ये अगदी थोडी खोलगट येते. पहिल्या प्रकारात पायरीची उंची पासच्या रुंदीबरोबर वाढते. म्हणजे मोठा कटर आणल्यावर, पास रुंद झाल्यामुळे, आपली पायरी आणखी मोठी होण्याची शक्यता आहे. आणि १२५ मिमीच्या कटरने एकाच पासमध्ये काढले तर पायरी दिसणार नाही, पृष्ठभाग सपाटही भरेल, पण तो पायाशी समांतर नसेल. तो दोष रेघेसारखा डोळ्यांना दिसत नसल्याने अधिक घातक आहे.

म्हणून खरेदीआधी एक मोजमाप करा. स्पिंडलला डायल इंडिकेटर लावा, त्याचे टोक १५० मिमी त्रिज्येवर ठेवा आणि टेबल तेलदगडाने हलके घासून, पुसून, टी-स्लॉट टाळत स्पिंडल हाताने फिरवा. समोर, मागे, डावीकडे आणि उजवीकडे किती फरक येतो ते लिहून ठेवा.

दुसरे मोजमाप जॉबचे. फिनिशिंग झाल्यावर, व्हाइस सैल करण्यापूर्वी, स्पिंडलला लावलेला डायल प्लेटवरून लांबीत आणि रुंदीत फिरवा. मग व्हाइस सैल करून पुन्हा फिरवा. पहिल्या वेळी सपाट आणि दुसऱ्या वेळी वाकडी दिसली तर दोष पकडीचा किंवा प्लेटमधील ताणाचा आहे, आणि त्यावर कोणत्याही कटरचा उपाय चालणार नाही. कोल्ड रोल्ड प्लेटच्या कातडीत ताण कोंडलेला असतो. एका बाजूची कातडी निघाली की ती वाकते. अशा प्लेटच्या दोन्ही बाजू आधी रफ करा, प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.५ मिमी ठेवा, पकड पूर्ण सोडून प्लेट मोकळी होऊ द्या, आणि फिनिशिंगला बेताच्या दाबाने धरा. हॉट रोल्ड प्लेट असेल तर पहिला पास काळ्या खपलीच्या खाली जाईल इतका, किमान १ मिमी खोल घ्या, कारण खपलीतून घासत गेलेली धार फार टिकत नाही.

प्लेटकाम

तिघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले. ३०० मिमीच्या वर्तुळावर समोर आणि मागे यांत ०.०८ मिमी फरक येतो, समोरची बाजू खाली आहे. डावीकडे आणि उजवीकडे यांत फक्त ०.०२ मिमी. प्लेट आम्ही लांबीने एक्स अक्षावर ठेवतो आणि पास वाय अक्षावर सरकवतो. व्हाइस सैल करण्याआधी आणि नंतरच्या मोजमापात नगण्य फरक आहे. वापरलेल्या इन्सर्टवर भिंगाखाली धारेला काटकोनात भेगा स्पष्ट दिसल्या.

एक शंका अशी की फिनिशिंगसाठी फ्लाय कटर (एकाच दाताचा कटर) वापरला तर वेगळा फेस मिल घ्यायची गरज आहे का?

समतल

आपली मोजमापे एकमेकांशी छान जुळतात. ०.०८ ला ३०० ने भागून ४० मिमी पासने गुणले तर ०.०१०७ मिमी येते, आणि आपण पायरी ०.०१ मिमीच सांगितली होती. म्हणजे पायरी पूर्णपणे स्पिंडलच्या कलामुळे आहे. याच मांडणीत ८० च्या कटरने ६० मिमीचे पास घेतले असते तर ती ०.०१६ झाली असती. १२५ मिमीच्या एका पासमध्ये १२० मिमी रुंदीवर ०.०३२ मिमीची असमांतरता आली असती, म्हणजे आपली मर्यादा तिथेच ओलांडली गेली असती.

कायमचा उपाय म्हणजे मशीनची पातळी तपासून कॉलम काटकोनात आणणे, आणि ते मशीन बनवणाऱ्यांच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. आधी स्पिरिट लेव्हलने पातळी पाहा, कारण पाये सरकल्यानेही इतका फरक येऊ शकतो. तोपर्यंत प्लेट ९० अंशांत फिरवून लांबी वाय अक्षावर ठेवा आणि पास एक्स अक्षावर सरकवा. ३०० मिमीच्या प्लेटला ८० चा कटर पूर्ण बाहेर काढायला ३८० मिमीपेक्षा थोडी जास्त धाव लागते, ती आपल्या ४५० मध्ये बसते. आता पास सरकवण्याच्या दिशेतील कल फक्त ०.०२ उरतो, म्हणून ६० मिमीच्या पासला पायरी ०.००४ मिमी येईल. ०.०८ चा कल फीडच्या दिशेत गेला, त्यामुळे प्रत्येक पासमध्ये ०.००३ ते ०.००४ मिमीची खोलगट येईल. दोन्ही मिळून आपल्या ०.०३ पासून बऱ्याच दूर राहतील.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती चुकली तर फिनिश बिघडेल. आपल्या स्पिंडलची समोरची बाजू खाली आहे. त्यामुळे फिनिशिंगच्या पासमध्ये कटर प्लेटच्या संदर्भात मागून समोर, म्हणजे ऑपरेटरच्या दिशेने यायला हवा. तसे केल्यास कापणारी पुढची कड खाली राहते आणि मागची कड सुमारे ०.०२ मिमी वर राहून नुकत्याच तयार झालेल्या पृष्ठभागाला स्पर्श करत नाही. उलट दिशेने गेलात तर मागची कड खाली येऊन पृष्ठभाग पुन्हा खरवडेल. म्हणून दोन्ही फिनिशिंग पास एकाच दिशेने घ्या. परत येताना कटर वर उचला, त्यात काही सेकंदच जातील.

एकधार

फ्लाय कटरची बाजू मांडतो. एकच दात असल्यामुळे दातांच्या उंचीतील फरकाचा प्रश्नच राहत नाही, शक्ती नगण्य लागते आणि ॲल्युमिनियमवर येणारा फिनिश अतिशय देखणा असतो. त्यासाठी तो जरूर ठेवावा. परंतु आपल्या स्टीलच्या प्लेटला मी तो सुचवणार नाही. ८० मिमी व्यासावर ७९६ आरपीएम आणि ०.१५ मिमी फीडला मिनिटाला फक्त ११९ मिमी मिळतात, म्हणजे एका पासला तीन मिनिटांहून अधिक. व्यास वाढवला तर आरपीएम आणखी उतरतील. शिवाय स्पिंडलचा कल फ्लाय कटरलाही तसाच लागू होतो.

टूलरूम

फ्लाय कटरबाबत एकधार यांच्याशी सहमत. फिनिशसाठी ४५ अंशांच्या फेस मिलमध्येच पुरेशी सोय आहे. एसईकेटी इन्सर्टच्या कोपऱ्याला पृष्ठभागाशी समांतर अशी एक छोटी सपाट पट्टी असते, साधारण दीड ते दोन मिलिमीटरची. पाच इन्सर्टना प्रत्येकी ०.१५ मिमी फीड दिला तर एका फेऱ्यात कटर ०.७५ मिमी पुढे जातो. हे अंतर पट्टीच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर सर्वांत खाली बसलेला एकच इन्सर्ट पूर्ण पृष्ठभाग पुसून घेतो आणि बाकीच्यांच्या उंचीतील थोडा फरक दिसत नाही. आरए १.६ या रीतीने मिळायला हवा. फिनिशिंगला खोली ०.३ ते ०.५ मिमी ठेवा. फिनिश चांगला यावा म्हणून फीड अगदी कमी करण्याची अनेकांची सवय असते, पण धारेच्या गोलाईपेक्षा चिप पातळ झाली की धातू कापला न जाता दाबला जातो आणि पृष्ठभाग मळकट दिसू लागतो. मोठ्या कटरवर अधिक वेगाने फिनिश करायचे असेल तर एका जागी वायपर (जास्त रुंद सपाट पट्टीचा) इन्सर्ट बसवतात. आपल्याला त्याची सध्या गरज नाही.

दातांची संख्या पाच ठेवा. ८० मिमीवर ६० मिमी कापताना सुमारे ९७ अंशांचा भाग धातूत असतो आणि पाच दातांत प्रत्येकी ७२ अंशांचे अंतर असल्यामुळे कायम किमान एक आणि बराच वेळ दोन दात कापत राहतात. तीन दातांचा घेतला तर मध्येच एकही दात धातूत नसण्याची वेळ येते आणि ठोके ऐकू येतात. सात-आठ दातांचा जवळ पिचचा कटर बिडासाठी चांगला, पण स्टीलमध्ये आपल्या टॉर्कला तो जड जाईल. ८० मिमीच्या कटरचे भोक २७ मिमीचे असते, आर्बर त्याच मापाचा आणि मिळेल तितका आखूड घ्या. आर्बर जितका लांब तितका चॅटर (कापतानाची थरथर) जास्त.

शिरतानाच्या आवाजाबद्दल. सध्या कटर सरळ रेषेत प्लेटवर चालून जातो आणि पूर्ण आत जाईपर्यंत दात जाड चिप घेऊनच बाहेर पडतात, ते इन्सर्टला सर्वांत वाईट. प्रोग्राममध्ये कटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कमानीतून आत आणा. त्यामुळे दात जाड चिपने शिरतो आणि पातळ चिपने सुटतो. कमान बसवणे जमत नसेल तर पूर्ण आत जाईपर्यंत फीड निम्मा ठेवा. तसेच कटरची मध्यरेषा कापाच्या बरोबर मध्यावर ठेवू नका. तिथे बाजूचा जोर कधी इकडे तर कधी तिकडे पडतो आणि स्पिंडल थरथरतो. मध्यरेषा थोडी बाजूला सरकवली की जोर एकाच दिशेला राहतो.

कटर आल्यावर पहिल्या वेळी इन्सर्ट बसवताना घाई करू नका. प्रत्येक खाच ब्रशने आणि हवेने साफ करा, बोट फिरवून कण राहिला नाही ना ते पाहा, इन्सर्ट बोटाने मागच्या दोन्ही भिंतींना टेकवून धरा आणि मगच स्क्रू टॉर्क चावीने कॅटलॉगमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. मग स्पिंडलमध्ये लावून प्रत्येक इन्सर्टच्या सपाट पट्टीवर डायल टेकवा आणि उलट दिशेने हाताने फिरवत उंची वाचा. पाचही ०.०२ मिमीच्या आत असाव्यात. एखादा बाहेर असेल तर तो इन्सर्ट दुसऱ्या खाचेत बसवून पुन्हा वाचा. फरक इन्सर्टबरोबर सरकला तर इन्सर्ट बदला. फरक त्याच खाचेत राहिला तर खाच पुन्हा साफ करा, आणि तरीही राहिला तर कटर पुरवठादाराकडे परत पाठवा.

पहिल्या प्लेटला ७९६ आरपीएम, मिनिटाला ५९७ मिमी फीड, १.५ मिमी खोली आणि हवेचा झोत यांनी सुरुवात करा. मशीन सकाळी सुरू केल्यावर स्पिंडल १५-२० मिनिटे फिरवून गरम होऊ द्या, नाहीतर फिनिशिंगच्या दोन पासमध्ये स्पिंडलची लांबी वाढून पुन्हा पायरी दिसेल आणि दोष कलाचा आहे असा आपला समज होईल. स्पिंडलचा लोड मीटर ७० टक्क्यांच्या खाली राहिला आणि चिप सुटसुटीत, वळलेल्या निघत असतील तर प्रत्येक दाताचा फीड ०.१८ आणि मग ०.२ पर्यंत वाढवत न्या. खोली मात्र १.५ वरच ठेवा.